किम्रिक मांजर आणि तिच्या निगेची साधने : वर्षभराच्या वापरानंतर

किम्रिक म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरच्या बिनशेपटीच्या मँक्स मांजराचा लांब केसांचा प्रकार. मूळ जात त्या बेटावरची असली, तरी लांब केसांच्या पिल्लांची स्वतंत्र जात म्हणून जोपासना प्रामुख्याने १९६० च्या दशकापासून उत्तर अमेरिकेत, त्यातही कॅनडात झाली. आम्ही टोरोंटोजवळ राहतो आणि आमची किम्रिक मांजर गोटी घरी येऊन आता वर्ष होत आले आहे. हिचे केस पाहून येणारा जाणारा प्रत्येक जण विंचरण्याविषयी विचारतो. पण केसांची निगा हे या जातीतले त्यामानाने सोपे काम आहे. खरी काळजी घ्यावी लागते ती कमरेच्या मागच्या भागाची, आणि कोणते साधन ठेवायचे व कोणते देऊन टाकायचे, हे मी त्या भागावरूनच ठरवले.

किम्रिकच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतली लव दाट आणि वरचे केस रेशमी, मध्यम लांबीचे. खांद्यापासून मागे जाताना केसांची लांबी वाढत जाते. गळ्याभोवती, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांवर ते सर्वांत दाट असतात. पर्शियन मांजराइतका गुंता मात्र होत नाही. आठवड्यातून दोनदा विंचरले तरी पुरते. वसंतात आणि शरदात केस गळू लागले की एक दिवसाआड बसावे लागते. यासाठी एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाते असलेली साधी स्टीलची फणी सर्वांत उपयोगी ठरली. आधी विरळ बाजू, मग बारीक. तारांचा ब्रश पाठीवर बरा चालतो, पण पोटावर लागला की गोटी तत्काळ उठून जाते. पाते असलेले, लव खेचून काढणारे महागडे अवजार मी दोन-तीन महिन्यांनी बंद केले, कारण ढीगभर केस निघाल्याचे समाधान मिळत असले तरी त्याच्या वारंवार वापराने वरचे चांगले केसही तुटत होते. कॅनडातल्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि फणी लावताच केस उभे राहून चिकटतात. फणीवर पाण्याचा हलका फवारा मारला की हा त्रास थांबतो.

आता मागच्या भागाविषयी. गोटी पूर्ण बिनशेपटीची आहे. कण्याच्या टोकाशी बोट नेले तर शेपटीच्या जागी एक छोटी खळगी लागते. तिच्याभोवती आणि मांड्यांवर केसांचा एवढा पुंजका असतो की शौच जरा पातळ झाली, तरी ती तिथे अडकते. शेपटी वर उचलून तो भाग मोकळा करण्याची सोय या मांजरांना नाही. म्हणून तिथले केस आखूड ठेवणे अपरिहार्य आहे. हे काम कात्रीने करू नये, असे माझे ठाम मत आहे. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते आणि गुंत्याबरोबर ती वर ओढली जाते. कमी आवाजाचे, बॅटरीवर चालणारे लहान ट्रिमर घ्यावे. एकाने मांजरीला पुढून जवळ धरावे आणि दुसऱ्याने केस काढावेत. कमरेवर दाब मात्र देऊ नये; या जातीत तो भाग अनेकदा हळवा असतो. उचलतानाही मागच्या पायांखाली हात द्यावा. घरी लहान मुले येणार असतील, तर ही गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी.

यामागचे कारण जनुकात आहे. शेपटी नाहीशी करणारे जनुक प्रभावी असते आणि ते आई-वडील दोघांकडून आले, तर गर्भ पोटातच दगावतो. म्हणून जाणकार पैदासकार बिनशेपटीच्या मांजराची जोडी सहसा शेपटी असलेल्या मांजराशी लावतात. जनुक एकाच बाजूने आले तरी त्याचा परिणाम कधी कधी शेपटीपुरता मर्यादित राहत नाही. खालचा कणा आणि तिथल्या नसा सदोष असू शकतात आणि त्यातून लघवी-शौचावर ताबा नसणे, बद्धकोष्ठता, मागचे पाय लुळे पडणे असे त्रास उद्भवतात. यालाच मँक्स सिंड्रोम म्हणतात. तो बहुधा पहिल्या चार महिन्यांत दिसून येतो, त्यामुळे त्याआधी पिल्लू ताब्यात देण्याची घाई करणाऱ्याकडे जाऊ नये. कागदपत्रांवर किम्रिकऐवजी मँक्स लिहिलेले दिसले तर गोंधळू नये : मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांपैकी टिका (द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन) किम्रिकला वेगळी जात मानते, तर सीएफए (कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन) तिला मँक्सचाच लांब केसांचा विभाग मानते.

मांजराच्या शौचाच्या ट्रेमध्ये काय घालावे, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. गोळे होणारी बारीक माती पंजांच्या केसांत आणि मांड्यांच्या झुपक्यांत घट्ट बसते. लाकडी दाणे घातल्यापासून हा त्रास जवळजवळ संपला. शौच घट्ट आणि नियमित राहावी म्हणून ओले खाणे आणि वाहत्या पाण्याचे भांडे यांवर केलेला खर्च वसूल झाला. आमच्या पशुवैद्यांनी तंतुमय पदार्थ म्हणून सिलियमची भुकटी सुचवली. ती म्हणजे आपले इसबगोलच, जे इथल्या कुठल्याही भारतीय वाणसामानाच्या दुकानात मिळते. ओल्या खाण्यात भरपूर पाणी घालून त्यातच चिमूटभर मिसळतो. तरीही प्रमाण पशुवैद्यांनाच विचारावे. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराला कधीही देऊ नये, तो तिच्या जिवावर बेतू शकतो.

बाकी स्वभावाने गोटी शांत आणि माणसाळलेली आहे. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असल्याने ती चालते थोडी सशासारखी, पण उडी अचूक मारते. फ्रिजच्या माथ्यावरची जागा तिने पहिल्याच महिन्यात बळकावली. अडचण येते ती गावाला जाताना. पुण्याला महिनाभर जायचे ठरले, तेव्हा नुसते खाणे-पाणी बघणारा माणूस चालणार नव्हता; रोज ट्रे पाहून शौच झाली की नाही हे कळवणारा आणि मागचा भाग ओल्या कापडाने पुसायला न कचरणारा माणूस हवा होता. असा माणूस शोधायला विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तेव्हा दरवर्षी लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी ही व्यवस्था पिल्लू आणण्याआधीच करून ठेवावी.