डिजिटल स्वाक्षरीमुळे अडलेला ई-मेल आणि टिळक रस्त्याजवळची संगणक दुरुस्ती सेवा

सनदी लेखापालाच्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, म्हणजे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण, रोज लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरताना त्यावाचून काम पुढे सरकत नाही. आमच्याकडे जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर क्लास ३ या प्रकारचे नवे प्रमाणपत्र आले, ते ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्या माणसाने ड्रायव्हर बसवून दिला आणि त्याच संध्याकाळपासून आउटलुक या ई-मेलच्या प्रोग्रॅमचे तंत्र बिघडले. प्रत्येक ई-मेल पाठवताना पिन विचारणारी खिडकी उघडायची, टोकन काढलेले असले की प्रमाणपत्र सापडत नसल्याचा संदेश येऊन पत्र तिथेच अडकायचे, आणि जी पत्रे जायची ती उघडल्यावर मजकुराऐवजी ‘एसमाइम डॉट पी७एम’ नावाची एक जोडफाइल तेवढी दिसते, अशी काही अशिलांची तक्रार होती. विक्रेत्याने विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. विवरणपत्रांच्या मुदती तोंडावर असताना असा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

पुण्यात टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतील छोट्या दुरुस्ती केंद्राच्या तंत्रज्ञाने मात्र कशालाही हात लावण्याआधी टोकन लावून आणि काढून, दोन्ही वेळा चाचणीचा ई-मेल पाठवून पाहिला. टोकन लावताच त्यातील प्रमाणपत्राची विंडोजच्या वैयक्तिक कोठारात, म्हणजे प्रमाणपत्रांच्या यादीत, नोंद होते आणि आउटलुकला ते तिथे दिसते, परंतु केवळ तेवढ्याने ई-मेलवर स्वाक्षरी होत नाही, ती सोय कोणीतरी चालू केलेली असावी लागते, हे त्याने सांगितले. मग त्याने आउटलुकच्या पर्यायांमधून ट्रस्ट सेंटर आणि त्यातील ई-मेल सिक्युरिटी हे पान उघडले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला डिजिटल स्वाक्षरी जोडावी, या चौकटीत खूण होती; स्वाक्षरी केलेले पत्र साध्या मजकुरासह पाठवावे, या चौकटीत नव्हती. पहिल्या खुणेमुळे पिन मागितला जात होता आणि दुसरी नसल्यामुळे सगळा मजकूर त्या जोडफाइलीत बंद होऊन जात होता. पहिली खूण काढल्यावर आणि दुसरी घातल्यावर टोकन नसतानाही पत्र सुरळीत गेले.

यानंतर त्याने जे केले ते मला अधिक मोलाचे वाटले. प्रमाणपत्रांच्या यादीत मुदत संपलेल्या जुन्या नोंदी होत्या आणि मंत्रालयाच्या पोर्टलवर स्वाक्षरी करताना त्या निष्कारण समोर येत असत. त्या पुसण्यापूर्वी त्याने विचारले, “साहेब, या प्रमाणपत्रासाठी कूटबद्ध केलेली जुनी पत्रे तुमच्याकडे आहेत का? असतील तर हे प्रमाणपत्र आणि जुने टोकन दोन्ही जपून ठेवा, नाहीतर ती पत्रे पुन्हा उघडणार नाहीत.” तशी पत्रे नाहीत याची खात्री झाल्यावरच त्याने नोंदी काढल्या. चालू प्रमाणपत्राला त्याने हात लावला नाही. शेवटी स्वाक्षरीचे काम पूर्वीसारखे चालते का, हे त्याने मलाच पोर्टलवर करून पाहायला लावले.

पिन टाकण्याची वेळ येई तेव्हा तो कळफलक माझ्याकडे सरकवून खुर्चीवरून उठत असे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी कळ, म्हणजे स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली, ताब्यात ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते, तरीही टोकनवर चिठ्ठी चिकटवून पिन लिहून देणारी कार्यालये मी पुण्यात पुष्कळ पाहिली आहेत. त्यामुळे त्याच्या या सवयीची मी मुद्दाम नोंद करतो.

उणिवाही आहेत. दुकानात गर्दी फार असते, संध्याकाळी फोन उचलला जात नाही आणि कार्यालयात येऊन काम करण्यासाठी बरीच वाट पाहावी लागते. बिलावर ‘सॉफ्टवेअर दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते; कोणत्या सेटिंग बदलल्या हे मी आग्रहाने मागून घेतले, ते त्यांनी आपणहून द्यायला हवे. ज्यांना तिथे जायचे असेल त्यांनी सकाळी दुकान उघडताच जावे, संगणकासोबत टोकन न्यावे आणि आउटलुकमध्ये येणाऱ्या संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण तो तंत्रज्ञ पहिल्यांदा तेच मागतो.