दारात बहावा की ताम्हण?

ताम्हण आपलं राज्यपुष्प, बहावा सगळ्यांचा लाडका. दोघंही इथलेच, दोघंही ऐन उन्हाळ्यात फुलणारे. फुलांवरून ठरवायला बसलात तर वर्ष निघून जाईल. मी दोन्ही झाडं लावली आहेत, तीही देशावरच्या मुरमाड जमिनीत. मला विचाराल तर आधी पाणी बघा, मग कीड.

ताम्हण मूळचा कोकणातल्या ओढ्या-नद्यांकाठचा. मुळाशी ओल असली की त्याच्यासारखं देखणं झाड नाही. देशावर मात्र एप्रिलच्या झळांनी त्याच्या पानांच्या कडा करपतात. तेही मी चालवून घेतलं असतं. चालवून घेता आला नाही तो मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड.

कोवळा शेंडा वळलेला दिसला की पान उलटून बघा, मागे मावा दाटीने चिकटलेला असतो. त्याचा गोड चिकटा खालच्या पानांवर, ओट्यावर, गाडीच्या काचेवर ठिबकत राहतो. पुसला तरी दुसऱ्या दिवशी बोटांना पुन्हा चिकट लागतंच. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि गोडाला लागलेल्या मुंग्या माव्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. ५ टक्के निंबोळी अर्काने फरक पडतो, पण पानांच्या मागून फवारला तरच. आणि झाड छपराच्या वर गेलं की तिथवर पंप पोचवायचा कसा?

बहाव्यालाही कीड लागते, नाही असं नाही. पावसाळ्यात पिवळसर पांढरी फुलपाखरं कोवळ्या पानांवर अंडी घालतात. हिरव्या, कडेला फिकट पट्टा असलेल्या अळ्या पानाच्या शिरेला अशा लागून बसतात की नजर सरावल्याशिवाय दिसत नाहीत. फांद्याच्या फांद्या ओरबाडल्यासारख्या होतात, बघून जीव तुटतो. पण पक्षी येतात, अळ्या टिपतात, आणि माझ्या झाडाने तरी दरवेळी नवी पालवी काढली. फवारणीची गरज मला पडली नाही. शेंगांचा कचरा होतो, तो झाडूने जातो.

बहाव्याला पाणी तुंबलेलं मात्र चालत नाही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत तो झुरतो, तिथे ताम्हण जास्त तग धरेल. कोकणात असाल, विहीर किंवा पाट जवळ असेल आणि झाडाखाली गाडी लावायची नसेल, तर ताम्हण जरूर लावा. बाकी देशावर, कमी पाण्यात, घराला लागून लावायचं असेल तर मी बहाव्याचंच रोप आणेन. दोन्हींपैकी काहीही लावा, बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक तेवढे बसवू नका; मुळं तहानली की कीड आधी त्याच झाडावर येते.