अंगकोरचा तीन दिवसांचा पास: ६२ डॉलर वसूल होतात का?

होतात. फक्त सूर्योदयाच्या मागे धावणाऱ्यांचे होत नाहीत, एवढं आधीच सांगते.

कंबोडियात सिएम रीपला पोचलं की पहिला मोठा खर्च अंगकोरच्या प्राचीन मंदिरांच्या या पासचा. एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. दोघांचे मिळून दहा हजार रुपयांच्या वर जातात म्हटल्यावर आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. पण हे तीन दिवस सलग वापरायची सक्ती नाही, दहा दिवसांत कधीही वापरा. मध्ये एक दिवस खुशाल हॉटेलात पाय पसरून लोळा. साठीतल्या गुडघ्यांना याहून मोठी सोय नाही. पास अधिकृत केंद्रावर किंवा त्यांच्याच वेबसाइटवर काढायचा. त्यावर आपला फोटो असतो, म्हणून कुणाचा उरलेला पास स्वस्तात घेण्याचं डोकं चालवू नका. प्रत्येक तिकिटातले २ डॉलर कंथा बोफा या मुलांच्या रुग्णालयांना जातात, हे कळल्यावर ह्यांची कुरकुर जरा थांबली.

आता सूर्योदय. इथलं मुख्य मंदिर अंगकोर वाट पहाटे ५ ला उघडतं आणि तळ्याकाठी मोबाइल उंचावलेली ही गर्दी! शिवाय मंदिर पश्चिमाभिमुख. सकाळी सूर्य मागून येतो, समोरची बाजू काळोखातच राहते. आम्ही दुपारी तीननंतर गेलो. उन्हं थेट पश्चिमेच्या ओवरीत उतरली होती आणि भिंतीवर कोरलेला एकेक चेहरा उठून दिसत होता.

याच ओवरीसाठी पास घ्यायचा. आत शिरल्यावर उजवीकडे वळा, कुरुक्षेत्र सुरू होतं. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, खाली पायदळ, वर हत्ती आणि रथ. सुरुवातीलाच वरच्या बाजूला शरपंजरी भीष्म. गाइड लागलाच नाही, ह्यांनी बघताक्षणी ओळखलं. पुढे अर्जुनाचा रथ हाकणारा कृष्ण शोधा, त्याला चार हात आहेत. हात लावून लावून काही जागी दगड चकचकीत झालाय, तुम्ही तरी लावू नका. तसंच पुढे वळून पूर्वेच्या ओवरीत गेलं की समुद्रमंथन. मध्ये विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव आणि वासुकीच्या शेपटाशी चक्क मारुती! आपल्या पुराणात तो तिथे नसतो, पण तिथल्या ख्मेर शिल्पकारांनी त्याला घेतलंय, आणि काय जोर लावतोय! परतीच्या वाटेवर पश्चिमेलाच, उत्तरेच्या अंगाला लंकेचं युद्ध आहे. तिथे राम मारुतीच्या खांद्यांवर उभा राहून बाण सोडतोय. एका दिवसात ‘संपूर्ण अंगकोर’ दाखवणाऱ्या एका टूर कंपनीचा गट आमच्यासमोर या भिंतीवरून झपाझप निघून गेला. पैसे भरून असं पळायचं कशाला?

अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या, बाकान नावाच्या मजल्यावर जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कुडत्यावर ओढणी घेतली तर चालत नाही, बाह्याच लागतात. जिना उभा आहे, कठड्याला धरून चढा. बौद्ध सणवारी हा मजला बंद असतो, तारीख आधी बघून घ्या.

दुसरा दिवस बायोन आणि ता प्रोहम या देवळांचा. झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या ता प्रोहमच्या दुरुस्तीत आपल्या पुरातत्त्व खात्याचाही हात आहे. तिसरा दिवस बान्ते स्रेईचा. इ.स. ९६७ चं, गुलाबी दगडाचं, लहानसं देऊळ. जरा लांब आहे, म्हणून टुकटुकचं भाडं आदल्या दिवशीच ठरवा. आमच्या टुकटुकवाल्याकडे बर्फात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

शाकाहाऱ्यांनी सावध राहा. ‘नुसत्या भाज्या’ मागितल्या तरी त्यात माशांचा सॉस किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, असू शकतो. लोक लाक हा पदार्थ बहुधा गोमांसाचा असतो. डॉलर सगळीकडे चालतात, पण किंचित फाटलेली नोट कुणी घेत नाही. सुटे रिएल या तिथल्या चलनात मिळतात, साधारण ४००० ला एक डॉलर.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला कारण कुलेन डोंगर आणि कोह केरची जुनी देवळं या पासात नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात.