लोक्ताचे ताव, कोलाजसाठी

कोलाज करणाऱ्याने कात्री बाजूला ठेवून एकदा तरी लोक्ताचा, म्हणजे नेपाळी सालीच्या कागदाचा, ताव हाताने फाडून बघावा. कापलेल्या कडेला नुसती रेघ येते. फाडलेल्या कडेला लांब तंतूंची झालर सुटते आणि खळ लावून दाबली की खालच्या कागदात अशी मुरते की जोड शोधावा लागतो. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. घोटीव कागद, मासिकांची पानं, जुन्या लग्नपत्रिका, सगळं चिकटवून झालंय. पण नुसत्या कडेवर चित्र उभं करणारा असा कागद मला दुसरा मिळालेला नाही.

लोक्ता नेपाळच्या डोंगरांत साधारण १,६०० ते ४,००० मीटर उंचीवर वाढणारं झुडूप. मुळं शाबूत ठेवून फांद्या कापतात, म्हणजे काही वर्षांत ते पुन्हा फुटून येतं. आतली साल शिजवून, कुटून लगदा करतात, तो पाण्यात तरंगत्या चौकटीवर ओततात आणि चौकटीसकट उन्हात वाळवतात. त्यामुळे तावाच्या एका अंगाला कापडाच्या विणीचा ठसा असतो, दुसरं अंग मोकळं. चिकटवताना कुठलं अंग वर ठेवायचं हे मी दर तुकड्याला नव्याने ठरवते. नदीच्या गाळासाठी विणीचं, आभाळासाठी मोकळं.

विकणारे कधी कधी याला भूर्जपत्राच्या रांगेत बसवतात. ते बरोबर नाही. भूर्जपत्र म्हणजे झाडाची सालच, सोलून तिच्यावर लिहिलेली. भांडारकर संस्थेतल्या ज्या ३० ऋग्वेद हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली, त्यातलं शारदा लिपीतलं पोथं तसं आहे. लोक्तात सालीचा लगदा होतो, मग कागद. मेक्सिकोचा आमाते या दोन्हींच्या मधला. पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितो गावचे ओतोमी लोक शिजवलेल्या सालीच्या पट्ट्या फळीवर जाळीसारख्या आडव्या-उभ्या मांडतात आणि दगडाने ठोकून एकजीव करतात. भाचीने आणलेला एक तपकिरी ताव माझ्याकडे आहे. सुंदरच आहे, पण जाड आणि ठाम. त्याच्यावर चित्र रंगवावं. थरावर थर चढवायचे तर लोक्ता.

आधाराला मात्र मी पुण्याचाच कागद घेते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा जाड ताव. संस्था १९४० सालची. तो कागद पाणी भरपूर पितो आणि वाळल्यावर पुन्हा सपाट बसतो, वर लोक्ताचे पाच-सहा थर आले तरी कुरकुरत नाही. सध्या मुठेच्या काठावर एक मालिका करते आहे. तळाशी चहाच्या पाण्यात बुडवलेला लोक्ता, त्यावर गेरूचा हात, मग पीएमटी बसची जुनी तिकिटं, फाटक्या नऊवारीचा काठ, आणि सगळ्यावरून लाल दोऱ्याचा धावदोरा. साधा कागद सुईच्या भोकांच्या रांगेवरून फाटतो. हा तंतूंमुळे टाका धरून ठेवतो. हळदीने रंगवायचा मोह टाळा, उजेडात ती उडते.

चिकटवायला पांढरा गम नको. तो वाळल्यावर चमकतो आणि कागदाचा मऊपणा मारतो. मैद्याची पातळ खळ करावी, फडक्यातून गाळावी, रुंद ब्रशने लावावी. बारीक लोक्ता ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो आणि खाली मोडीतलं पान चिकटवलेलं असेल तर त्याचं अक्षर वर येतं. हा परिणाम मला सगळ्यात प्रिय. पावसाळ्यात मात्र एक थर पुरता वाळेपर्यंत दुसरा चढवू नये. पुण्याच्या जुलैत ओल्या खळीला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता तक्रार. पेठेतल्या एका दुकानातून ‘सालीचा कागद’ म्हणून घेतलेल्या गठ्ठ्यात निम्मे ताव सुती हातकागदाचे निघाले, वरून केळीचे धागे पेरलेले. दिसायला आकर्षक, पण फाडले की कड तुटक, आखूड. पैसे परत मागितले तेव्हा ‘हातकागद तो हातकागदच’ असं उत्तर मिळालं. शिकणारी मुलं दीडशे रुपयांच्या आसपास एका तावाला मोजतात. त्यांना असं फसवणं मला सहन होत नाही. घेण्याआधी ताव खिडकीकडे धरा. लोक्तात लांब तंतू एकमेकांत गुंतलेले, ढगांसारखे दाट-विरळ दिसतात. कोपरा बोटाने ओला करून ओढा. सालीचा कागद लगेच तुटत नाही, केसाळ होत सुटतो.

दुसरी अडचण खऱ्या मालातही आहे: जाडी. एकाच गठ्ठ्यात एक ताव मलमलीसारखा, दुसरा पुठ्ठ्याच्या जवळ जाणारा. मला त्याचा त्रास नाही, पण मोठी मालिका करणाऱ्याने वजन विचारून, दहा ग्रॅमचे आणि वीस ग्रॅमचे ताव वेगळे मागून घ्यावेत. गुंडाळून देत असतील तर नको म्हणा. वळलेला लोक्ता सपाट करायला दोन दिवस वजनाखाली ठेवावा लागतो, घडीची रेघ तर जातच नाही. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी न रंगवलेले बारीक ताव घ्यावेत. रंगीत तावांचा रंग खळीच्या पाण्यात सुटू शकतो, तेव्हा आधी एक तुकडा भिजवून बघा.