४०८० सांगून ४०६० गळ्यात मारला! मोठ्या स्क्रीनचा जुना गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातीत काय होतं ते आधी सांगते. १७.३ इंची स्क्रीन, रिझोल्यूशन २५६० बाय १४४०, २४० हर्ट्झ. आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स (गेमची चित्रं काढणारी चिप, ४०६० पेक्षा खूप ताकदवान), त्याची स्वतःची मेमरी १२ जीबी. ३३० वॅटचा चार्जर. बॅटरी ‘जवळपास नव्यासारखी’.

हातात पडलं ते असं: स्क्रीन १७.३ इंची खरी, पण १९२० बाय १०८० आणि १४४ हर्ट्झची. ग्राफिक्स आरटीएक्स ४०६०, मेमरी ८ जीबी. चार्जर १८० वॅटचा. बॅटरीची मूळ क्षमता ९०,००० मिलीवॅट-अवर, आता पूर्ण चार्ज केली तरी भरते ५१,३००, म्हणजे ५७ टक्के. अख्ख्या जाहिरातीत स्क्रीनचं माप तेवढं खरं निघालं.

आता पैशाचं. नव्या मशीनच्या किमतीच्या ६२ टक्क्यांना सौदा ठरला. त्यातले २० टक्के टोकन म्हणून आधी गेले आणि उरलेले ८० टक्के पार्सल निघण्यापूर्वी थेट विकणाऱ्याच्या खात्यात. त्यातलं काहीही परत आलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने खालचं कव्हर काढून आतलं सगळं पाहिलं आणि सांगितलं, या अवस्थेत नव्या ४०८० वाल्याच्या किमतीच्या ३० टक्क्यांवर कोणी देणार नाही. दिले ६२, हातात आहेत ३०. निम्म्याहून जास्त पैसे बुडाले.

‘स्वस्ताच्या नादी लागलीस’ असं तोंडावर ऐकवणारे भेटले. त्यांना एकदाच उत्तर देते. आरटीएक्स ४० ची (४०६०, ४०८० वगैरे) लॅपटॉप मालिका जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, ५० ची जानेवारी २०२५ मध्ये. नवी पिढी आली की जुनीचे भाव उतरतात, त्यामुळे हा भाव अशक्य कोटीतला नव्हता. निम्म्याहून कमी भाव लावला असता तर मीही फिरकले नसते, आणि त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं. भाव मुद्दाम पटेल असा ठेवला होता.

मोठी स्क्रीन मला मिरवायला नको होती. वेगळा मॉनिटर ठेवायला जागा नाही, आणि १५.६ इंचावर गेममधला नकाशा आणि बारीक अक्षरं वाचताना डोळे दुखतात. म्हणून १७.३ शोधत होते. पण मोठ्या मशीनची मेख अशी की एकाच सांगाड्यात तीन-चार वेगवेगळ्या चिपा बसवून विकतात. बाहेरून ४०६० वालं आणि ४०८० वालं मशीन शेजारी ठेवलं तरी फरक कळत नाही. तेच झाकण, तोच कीबोर्ड, त्याच जाळ्या. आत मात्र ४०६० मध्ये ३०७२ कोअर (चिपमधले गणितं करणारे भाग) आणि ४०८० मध्ये ७४२४. फोटो बघून हे कुणालाही कळणार नाही. त्यामुळे ‘फोटो नीट बघितले नाहीस का’ हा प्रश्न मला विचारू नका.

आणि मी काही डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत. सीरियल नंबर मागून घेतला, निर्मात्याच्या साइटवर टाकला. मॉडेल जुळलं, ग्राफिक्स ४०८० दाखवलं, वॉरंटी शिल्लक दिसली. जीपीयू-झेडचा (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप, तिची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट मागितला, त्याने लगेच पाठवला. त्यातही सगळं बरोबर. आता कळतंय की तो नंबरही दुसऱ्याच कुठल्यातरी चांगल्या मशीनचा होता आणि स्क्रीनशॉटही. स्क्रीनशॉटवर मालकाचं नाव नसतं. कुणाचाही कुणालाही पाठवता येतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरूच नका.

मग मी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. तोही त्याने आनंदाने मान्य केला. लॅपटॉप समोर, डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली आतल्या भागांची यादी) उघडं, त्यात ठळक ‘आरटीएक्स ४०८० लॅपटॉप जीपीयू’. “ताई, हे बघा, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. अजून काय दाखवू?” मी म्हटलं, टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) दाखवा. त्याने उघडलं, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर गेला, पण खिडकी अशी सरकवली होती की चिपचं नाव जिथे येतं तो उजवा कोपरा स्क्रीनच्या बाहेर. खालच्या ओळी मात्र दिसत होत्या. डेडिकेटेड जीपीयू मेमरी: १.१ / ८.० जीबी.

आठ. बारा नाही, आठ! तो आकडा मी वाचला. नुसता वाचला नाही, मोठ्याने विचारलं की इथे आठ का दिसतंय. त्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही. “ताई, चार जीबी सिस्टीमने राखून ठेवलेली असते. गेम लावला की ती आपोआप मोकळी होते.” इतक्या सहज, इतक्या आत्मविश्वासाने, की आपल्यालाच कमी माहिती आहे असं वाटावं. तो कॉल मी तेव्हाच कापायला हवा होता. त्या एका आकड्यात सगळं होतं. आजही टास्क मॅनेजर उघडलं की त्या ओळीकडे बघून अंगाचा तिळपापड होतो.

खरी गोष्ट काय आहे ती नीट लक्षात ठेवा. ‘डेडिकेटेड’ समोरचा दुसरा आकडा म्हणजे चिपची जवळजवळ पूर्ण मेमरी. राखीव मेमरी त्याच पानावर वेगळ्या ओळीत लिहिलेली असते आणि ती काहीशे एमबी असते, चार जीबी कधीच नसते. गेम लावला म्हणून आठाचे बारा होत नाहीत. लॅपटॉपवरच्या ४०८० ला १२ जीबी. ४०७० आणि ४०६० दोघांनाही ८. म्हणजे ८ दिसलं की तिथे ४०८० नाही. त्याला दुसरं स्पष्टीकरण नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

पण प्रश्न विचारल्यावर समोरचा धडधडीत खोटं बोलला, तर त्यात विचारणाऱ्याचा दोष कसा? मी तपासलं, शंका आली, ती विचारली. यापेक्षा जास्त कोण काय करतं?

पार्सल आल्यावर पहिला धक्का चार्जरचा. १८० वॅट. फोन केला तर म्हणे, “मोठा फार जड असतो ना ताई, कुरियरचा खर्च वाढतो, तो मागून पाठवतो.” अहो, लॅपटॉपवरची ४०८० एकटी १५० वॅटपर्यंत खाते, प्रोसेसर आणि स्क्रीनचं वेगळंच. १८० वर ती धड चालूच शकत नाही. त्याला मोठा चार्जर पाठवायची गरजच नव्हती, कारण आत ४०८० नव्हतीच. संध्याकाळी गेम लावला, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मेमरीची पट्टी होती, तिची मर्यादा ८१९२ एमबी. मग मीच खोदत बसले.

डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव हे निव्वळ लिहिलेलं नाव आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळ्या सेटिंगांच्या नोंदवहीत) एक ओळ बदलली की तिथे हवं ते दिसतं. बदलत नाही तो हार्डवेअर आयडी. डिव्हाइस मॅनेजरमध्येच ग्राफिक्सवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. त्यात ‘डेव्ह’ (DEV_) नंतर चार अक्षरं असतात. लॅपटॉपच्या ४०८० ची २७ए० किंवा २७ई०. माझ्या मशीनची निघाली २८ई०, ती ४०६० ची. अर्धा मिनिटाचं काम आहे. कॉलवर हेच उघडून दाखवायला सांगा आणि तो काय सबब सांगतो ते ऐका.

स्क्रीनचं रिझोल्यूशनही त्याने असंच रंगवलं होतं. ज्या लॅपटॉपात स्क्रीन थेट ग्राफिक्स चिपला जोडलेली चालते, त्यात ड्रायव्हरच्या सेटिंगमधून डीएसआर (असतं त्यापेक्षा जास्त रिझोल्यूशन दाखवणारी सोय) चालू करता येतं. १.७८ पट (म्हणजे एकूण ठिपके तितके पट) निवडलं की १९२० बाय १०८० ची स्क्रीन विंडोजला २५६० बाय १४४० सांगते. कॉलवर मला डिस्प्ले सेटिंगमधला तोच आकडा दाखवला. खरं बघायचं असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडायचं आणि ‘डेस्कटॉप मोड’ नाही, ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ वाचायचा. १७.३ इंचावर १०८० म्हणजे इंचाला १२७ ठिपके, १४४० म्हणजे १७०. ज्या बारीक अक्षरांसाठी मी मोठी स्क्रीन शोधत होते, ती अक्षरं आता कडेला फुटलेली दिसतात.

मग सुरू झाली दाद मागायची वणवण.

ज्या साइटवर जाहिरात होती तिथे तक्रार केली. उत्तर आलं की पैसे साइटबाहेर दिलेत, आमची जबाबदारी नाही. बरोबर, बाहेर दिले. पण ‘साइटचं कमिशन वाचेल, तेवढं तुम्हाला कमी करतो’ हे बोलणं तुमच्याच चॅटमध्ये झालं होतं ना? ते तुम्हाला दिसलं नाही? बरं, माझ्या तक्रारीवर त्यांनी केलं काय, तर ती जाहिरात काढून टाकली. तिच्याबरोबर फोटो आणि वर्णन दोन्ही गायब. म्हणजे माझा पुरावाच त्यांनी पुसला आणि त्याला ‘कारवाई’ म्हणाले! नशिबाने वर्णनाचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते. टोकन देण्याआधी जाहिरात, चॅट, प्रोफाइल सगळं साठवून ठेवा, फसल्यावर नाही.

बँकेत गेले. “व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, मॅडम. कोणी चोरलेला नाही.” त्या खात्यातली रक्कम गोठवा म्हटलं, तर गुन्हा नोंदवल्याची प्रत आणा. हेच पैसे क्रेडिट कार्डाने गेले असते तर ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या कारणाखाली चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. थेट खात्यात टाकले की तो मार्ग बंद. ही गोष्ट बँका आधी का सांगत नाहीत? कर्ज घ्या म्हणून फोन करायला यांना वेळ असतो.

पोलिसांकडे गेले. समोरच्या साहेबांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. “लॅपटॉप मिळाला ना? चालू आहे ना? मग फसवणूक कसली? हा तुमच्या दोघांमधला व्यवहाराचा वाद.” मी हार्डवेअर आयडी दाखवला, बॅटरीचा रिपोर्ट दाखवला. म्हणाले, हे आम्हाला कळत नाही, निर्मात्याकडून लेखी आणा की यात ४०६० आहे. वर सल्ला, “गेम खेळायलाच घेतला होता ना? खेळतोय ना?” मी पैसे मोजून घेतलेली वस्तू कशासाठी वापरते, यावर माझ्या तक्रारीचं वजन ठरणार का?

निर्मात्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी मशीन चालू करून बायोसमधला (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारं मशीनचं आतलं पान) सीरियल नंबर पाहिला. तो खालच्या स्टिकरवरच्या नंबरपेक्षा वेगळा! म्हणजे स्टिकरही बदललेलं. तोंडी सगळं सांगितलं, पण लेखी मागितल्यावर हात वर. ‘पोलिसांचं पत्र आणा, मग देऊ.’ पोलीस म्हणतात निर्मात्याचं पत्र आणा, निर्माता म्हणतो पोलिसांचं आणा, बँक म्हणते गुन्ह्याची प्रत आणा. प्रत्येकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर अडकलेला. मी मधल्यामधे फिरतेय आणि तो माणूस तिकडे पैसे काढून मोकळा झाला. एकाही टेबलावरच्या माणसाला असं वाटलं नाही की हातातला फोन उचलावा आणि दुसऱ्याशी बोलावं. चोराने एकदा लुटलं, यांनी रोज थोडं थोडं लुटलं, माझा वेळ आणि माझा धीर.

शेवटी लेखी अर्ज दिला आणि पोहोच घेतली. ती पोहोच सुद्धा मागून, अडून बसून घ्यावी लागली. तुम्हीही तोंडी तक्रारीवर परत येऊ नका. शिक्का आणि तारीख असलेला कागद हातात आल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

बॅटरीबद्दल एक राहिलंच. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग तिरकी रेघ (/), आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजीत टाकलं की एक फाइल बनते. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी येतात. टक्केवारी स्वतः काढा. ‘नव्यासारखी’ हा शब्द ऐकला की हा रिपोर्ट मागायचा.

आणि प्रामाणिक विक्रेता असला तरी वॅट विचाराच. लॅपटॉपवरची ४०६० कुठे ३५ वॅटवर चालते, कुठे ११५ वर. नाव एकच, वेगात मोठा फरक. जाहिरातीत हा आकडा क्वचितच लिहिलेला सापडतो.

आता मुद्द्याचं. तेच फोटो पुन्हा वर आले आहेत. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या साइटवर. काळा १७.३ इंची लॅपटॉप, झाकणाच्या डाव्या बिजागरीपाशी नखाएवढा ओरखडा, मागे करड्या रंगाचा पडदा. वर्णन शब्दाशब्दाने माझ्या स्क्रीनशॉटशी जुळतं, ‘जवळपास नव्यासारखी’ सकट. मी तिथेही तक्रार केली आहे, जाहिरात अजून आहे. त्या माणसाशी तुमचं बोलणं चालू असेल तर टोकन देऊ नका. लॅपटॉप बंद करून, कॉल न तोडता, पुन्हा चालू करायला सांगा, बायोस उघडायला लावा आणि तिथला सीरियल नंबर स्टिकरशी आणि तुम्हाला पाठवलेल्या नंबरशी ताडून बघा. आणि टोकन दिलं असेल तर उरलेले ८० टक्के आजच थांबवा.