सक्युलंट सडतंय: कुंडी बदलू की शेंडा कापू?

पावसाळ्यात बाल्कनीतल्या इचेवेरियाची (गुलाबासारख्या रचनेत पानं असणारं सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारं झाड) खालची पानं पिवळी, काचेसारखी पारदर्शक होऊन नुसता हात लागला तरी गळायला लागली, की आपण झारी उचलतो. ती आधी खाली ठेवा. पाणी कमी पडलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, पण सहसा खोडाला धरून राहतं. पाणी जास्त झालेलं पान पिचपिचीत होऊन गळतं. माती कोरडी आणि पानं सुरकुतलेली असतील तर एकदा भरपूर पाणी द्या, चार दिवसांत झाड तरतरीत होईल. माती ओली असूनही पानं सुरकुतली असतील, तर मात्र मुळं गेली असं समजा.

मग दोन वाटा उरतात. कुठली धरायची ते पानं नाही, खोड सांगतं. मातीलगत बोटानं दाबून बघा.

खोड कडक असेल तर कुंडी बदला. झाड बाहेर काढा, काळी, लिबलिबीत मुळं कापा आणि दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा. नंतर कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभर पाणी देऊ नका. नर्सरीतून येणारं रोप बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते आमच्या दमट हवेत दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि बऱ्याच सक्युलंटची रंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) रात्री उघडत असल्यानं झाड पाणी पितंही कमी. निम्मं तरी परलाइट (पांढरे, हलके खडे), जाडी वाळू किंवा विटांचे तुकडे घाला. कुंडी मातीची, भोक असलेली. या वाटेचा फायदा असा की झाडाचा आकार राहतो. वर्षानुवर्षं वाढवलेल्या जेडचं जाड खोड कोणाला कापवेल?

खोड मऊ किंवा काळं पडलं असेल तर मात्र कुंडी बदलण्यात वेळ घालवू नका. मी घातला. भोक नसलेल्या सुंदर सिरॅमिकच्या कुंडीतलं रोप दोनदा नव्या मातीत हलवलं आणि दोन्ही वेळा सड वर सरकत गेली. तिसऱ्यांदा सुरी घेतली तेव्हा कापायला फारसं उरलं नव्हतं.

सुरी दर कापाला स्पिरिटनं पुसा. खोडाच्या चकत्या काढत वर जा आणि मधला तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबा. शेंडा चार-पाच दिवस वाळवा, पावसाळ्यात आठवडाभर. जखम कोरडी झाली की कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. रोप बुटकं होतं, पण सड मागे राहते. जून ते सप्टेंबरमध्ये शंका असली तर मी कापण्याच्या बाजूनं.

पण शेंडा कापणं सगळ्यांना चालत नाही. कोरफड आणि तिच्यासारख्याच छोट्या हॉवर्थियाला खोड जवळजवळ नसतंच, आणि कोरफडीचं तुटलेलं पान मातीत खोचलं तर सहसा सडतं. तिथे बाजूची पिल्लं सोडवून घ्या. नर्सरीत 'जेड' म्हणून मिळणारं झाडही बरेचदा खरं जेड नसतं. बारीक पानांचं, लालसर फांद्यांचं असेल तर ते पोर्टुलॅकॅरिया. त्याची फांदी पटकन लागते, सुटं पान सहसा लागत नाही.

इचेवेरियाचं पान मात्र लागतं. शेवटी ती आपल्या पानफुटीच्याच कुळातली. पान बुडापासून अलगद पिळून, अख्खं काढा, अर्धवट तुटलं तर वाया. रोप व्हायला काही महिने जातात, म्हणून हा मुख्य उपाय नव्हे. पण कापताना गळलेली चार निरोगी पानं एखाद्या ताटलीत, उजेडात, पाण्याविना ठेवून द्यायला काय जातंय? आणि खालचा बुंधा कडक निघाला, तर तोही फेकू नका. इचेवेरियाच्या अशा बुंध्याला बाजूनं दोन-तीन नवे शेंडे फुटू शकतात.