पक्षाघातानंतरचे पुनर्वसन: केंद्रात राहून, घरी, की रोज ये-जा करून?

‘उद्या डिस्चार्ज देऊ’ असे संध्याकाळच्या राउंडला डॉक्टर सांगून जातात आणि बहुतेक कुटुंबांच्या हाती निर्णयासाठी एकच रात्र उरते. रक्तदाब आटोक्यात आलेला असतो, गोळ्या ठरलेल्या असतात, परंतु रुग्णाचा एक हात मांडीवर ठेवला तिथेच पडून राहतो आणि त्याला पलंगावरून खुर्चीत आणायला दोन माणसे लागतात. पक्षाघातानंतरच्या सुधारणेचा मोठा भाग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत घडतो. त्यानंतरही सुधारणा होते, पण तिचा वेग मंदावतो. त्यामुळे या एका रात्रीत घेतलेल्या निर्णयाचे परिणाम नंतर बराच काळ भोगावे लागतात. पर्याय साधारण तीन आहेत: पुनर्वसन केंद्रात काही आठवडे दाखल होणे, घरी राहून थेरपिस्टला बोलावणे, किंवा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ये-जा करणे. चौथा पर्याय, म्हणजे ‘आम्हीच घरी व्यायाम करून घेऊ’, फारसा कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्यक्षात अनेक घरांत तोच अमलात येतो.

केंद्र म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट असलेले बरे. या शाखेचे नाव भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन असे आहे, आणि तिचे तज्ज्ञ हे फिजिओथेरपिस्ट नसून त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची याच विषयाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. तरीही अशी स्वतंत्र वैद्यकशाखा असते, हे रुग्णाच्या नातेवाइकांना अनेकदा आजारपण ओढवल्यावरच कळते. चांगल्या केंद्रात या डॉक्टरांच्या हाताखाली फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि प्रशिक्षित परिचारिका एकाच रुग्णासाठी एकत्र बसून उद्दिष्टे ठरवतात. घरी मात्र बहुधा एकटा फिजिओथेरपिस्ट येतो. तो उभे राहणे, तोल आणि चालणे यांवर काम करतो. पण सदऱ्याची बटणे लावणे, एका हाताने अंघोळ करणे, घास तोंडापर्यंत नेणे हा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा प्रांत आहे, आणि घरच्या पर्यायात तो नेमका रिकामा राहतो. दोन्ही पर्यायांच्या खर्चाची तुलना करताना ही तफावत हिशेबात धरली जात नाही, हे मला सर्वांत खटकते.

दुसरी तफावत तासांची आहे. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०२३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि ज्या रुग्णांना झेपेल त्यांना आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास थेरपी मिळावी, असे म्हटले. त्याआधी २०१३ च्या सूचनांत प्रत्येक आवश्यक थेरपीसाठी दिवसाला किमान ४५ मिनिटे एवढीच अपेक्षा होती. आपल्याकडे घरी येणारा थेरपिस्ट पाऊण तास ते तासभर देतो, त्यातही रक्तदाब मोजणे आणि घरच्यांच्या शंका यांत काही मिनिटे जातात. मात्र केंद्रात दाखल झालो म्हणजे तीन तास मिळालेच, असेही धरून चालू नये. माहितीपत्रकावर ‘चोवीस तास देखरेख’ लिहिलेले असते; देखरेख आणि थेरपी या वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या आठवड्यातील एखाद्या रुग्णाचे, नाव झाकलेले का होईना, प्रत्यक्ष वेळापत्रक दाखवा, असे स्पष्टपणे म्हणावे.

अधिक तास म्हणजे अधिक घाई मात्र नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲव्हर्ट या चाचणीत पाच देशांतील २,१०४ रुग्ण होते. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत वारंवार आणि जोरकसपणे उठवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्यांपैकी ५० टक्के. म्हणजे आयसीयूबाहेर उभे राहून ‘अजून चालवत का नाहीत?’ असा तगादा लावण्यात अर्थ नाही.

यंत्रांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण केंद्रे जाहिरात करतात ती यंत्रांचीच. पट्ट्यांनी शरीराचा काही भार तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत अमेरिकेतील लीप्स या चाचणीत ४०८ रुग्णांवर तपासली गेली. तिची तुलना ज्याच्याशी झाली, ते होते फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्षअखेर दोन्ही गटांची चालण्यातील प्रगती सारखीच निघाली. हाताच्या रोबोटची कथा फारशी वेगळी नाही: ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या रॅटल्स चाचणीत (२०१९) रोबोटने दिलेल्या प्रशिक्षणामुळे हाताच्या वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. परंतु केवळ रोबोट आहे म्हणून दुप्पट दर मोजावा, असेही त्यातून निघत नाही.

चौथ्या पर्यायाचे उत्तर भारतातच मिळाले आहे, म्हणून ते आपल्यासाठी अधिक मोलाचे. अटेंड या चाचणीत देशातील १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. एका गटातील रुग्णांच्या नातेवाइकांना, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, रुग्णालयात आणि नंतर घरी येऊन पुनर्वसनाचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. निष्कर्ष २०१७ मध्ये आले तेव्हा अनेकांची निराशा झाली, कारण थेरपिस्ट अपुरे असलेल्या देशात कुटुंबाने ती उणीव भरून काढावी, ही आशा फार स्वाभाविक होती. आईचे पाय सुनेने दिवसातून तीनदा हलवले, यात माया आहेच. पण त्याला थेरपीचा पर्याय मानून थेरपिस्टचे पैसे वाचवू नयेत, असे माझे मत या चाचणीमुळे झाले. नातेवाइकांनी शिकायचे ते वेगळे आहे: सुरक्षितपणे उठवणे, कूस बदलणे, घास भरवणे.

मग केंद्र कोणासाठी? ज्याला पलंगावरून खुर्चीत न्यायला दोन माणसे लागतात, ज्याच्या नाकात नळी आहे किंवा पाणी पिताना ठसका लागतो, ज्याची लघवीची नळी अजून निघालेली नाही, त्याच्यासाठी तीन ते चार आठवड्यांचे केंद्र मी आधी सुचवेन. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभर पाणीही देऊ नये, ही शिस्त घरी पाळणे फार अवघड जाते; भेटायला आलेले कोणी तरी प्रेमाने पेढा भरवतेच. आणखी एक लक्षण सहज निसटते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावीकडच्या जगाचे भानच उरत नाही. जेवायला बसवले, की ताटातली उजवीकडची भाजी आणि आमटी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड जशीच्या तशी राहते. घरच्यांना वाटते, तोंडाला चव नसेल. असा माणूस चालू लागला तरी डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर आपटतो. त्याला ताकदीपेक्षा लक्ष वळवण्याच्या प्रशिक्षणाची गरज असते आणि ते एकट्याने येणाऱ्या थेरपिस्टच्या तासाभरात बसत नाही.

उलट जो एका माणसाच्या आधाराने उभा राहतो, सूचना समजून घेतो आणि नीट गिळतो, त्याच्यासाठी घर हा दुय्यम पर्याय नाही. लवकर घरी सोडून तिथेच उपचार देण्याच्या पद्धतीवर अनेक देशांत चाचण्या झाल्या आहेत, आणि सौम्य ते मध्यम पक्षाघातात तिचे परिणाम रुग्णालयात अधिक काळ ठेवण्यापेक्षा सरस दिसले आहेत. अट एवढीच, की घरी येणारे थेरपिस्ट आपसांत ताळमेळ ठेवणाऱ्या पथकातले असावेत. घराचा खरा फायदा असा, की सराव जिथे उपयोगी पडायचा तिथेच होतो. माझे सासरे केंद्राच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये काठी टेकत लांबवर चालायचे आणि सगळे कौतुक करायचे. घरी आल्यावर मात्र न्हाणीघराच्या चार इंची उंबरठ्यापाशी ते थबकले, कारण तो पाय उचलून पलीकडे टाकण्याचा सराव कोणी करूनच घेतला नव्हता. पुढचे दहा दिवस थेरपिस्टने त्या उंबरठ्यावरच घालवले.

बाह्यरुग्ण विभाग खर्चाला सर्वांत हलका, विशेषतः सरकारी रुग्णालयात, पण पहिल्या महिन्यात मी तो सहसा सुचवणार नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला खुर्चीत बसवून खाली आणणे, रिक्षा आणि रांग यांतच त्याची ताकद संपते. दुसऱ्या टप्प्यासाठी मात्र हाच पर्याय उत्तम, कारण माणूस घराबाहेर पडतो.

पैशांच्या बाबतीत विम्याची कागदपत्रे आधी वाचावीत. आपल्याकडील आरोग्य विम्यात विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल यांसंबंधीचे वगळणूक-कलम प्रमाणित स्वरूपात असते, आणि केवळ सक्तीच्या विश्रांतीसाठी दाखल झाल्याचा खर्च त्याआधारे नाकारला जातो. त्यामुळे केंद्रात सक्रिय उपचार चालू आहेत हे डॉक्टरांच्या पत्रात, उद्दिष्टांसह, लिहून घ्यावे आणि दाखल होण्यापूर्वी कंपनीचे लेखी उत्तर मागावे. घरी येणाऱ्या थेरपिस्टची बिले अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांच्या खर्चात बसू शकतात, पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि रीतसर पावत्या लागतात. घरच्या हिशेबात ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामांचा दोन पाळ्यांचा पगार, भाड्याचा पलंग आणि कमोडची खुर्ची धरली, की केंद्र आणि घर यांतले अंतर वाटते त्यापेक्षा बरेच कमी होते.

घर निवडणार असाल तर दोन सूचना खांद्याविषयी. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून रुग्णाला ओढून उठवू नये. स्नायूंचा ताण गेलेला खांदा त्याने खाली सरकतो आणि दुखणे महिनोन्‌महिने मुक्कामाला येते. दाराच्या चौकटीला कप्पी अडकवून चांगल्या हाताने लुळा हात वर खेचण्याचा व्यायाम अजूनही सर्रास सांगितला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांत तो करू नये, असे म्हटले आहे. आमच्याकडे ती कप्पी पंधरा दिवस लटकत होती. घरी येणाऱ्याची महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. मालिश करणारा कितीही हातगुणाचा असला तरी तो फिजिओथेरपिस्ट नव्हे.

निर्णय कोणताही झाला, तरी डिस्चार्ज दोन दिवसांनी पुढे ढकलता येत असेल तर तेवढी विनंती करावी. त्या दोन दिवसांत, जो माणूस घरी प्रत्यक्ष सांभाळणार आहे त्याने परिचारिकेच्या देखत रुग्णाला पलंगावरून खुर्चीत आणि परत पलंगावर स्वतः घ्यावे, आणि त्यातली एक खेप रात्री दोननंतर करून पाहावी, जेव्हा रुग्ण अर्धवट झोपेत असतो आणि त्याला लघवीला जायचे असते. ती एकट्याला जमली नाही, तर केंद्राला फोन करावा.